औषधपाणी : भावाला ‘क्यू-टेन’ सुरू करू का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कानात आवाज येणं, समोरच्या बिल्डिंगमधले लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणं, हे सगळं औषधांनी जवळजवळ थांबलंय. पण आता तो नुसता बसून असतो. अंघोळीला दहादा सांगावं लागतं. पूर्वी चहा संपेपर्यंत पेपरातलं शब्दकोडं सोडवून मोकळा व्हायचा. आता चार ओळी वाचल्या की पेपर बाजूला ठेवतो आणि ‘डोक्यात राहत नाही’ म्हणतो. आधी त्याला रिस्पेरिडॉन होतं, त्याने हात थरथरायचे. म्हणून चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ओलान्झापिनवर आणलं. त्यावर वजन वाढलं, कोलेस्टेरॉलची गोळीही लागली.

बाणेरच्या एका नातेवाइकांनी मला व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय, हा आजार म्हणजे मुळात मेंदूतल्या ऊर्जेची कमतरता, कोएन्झाइम क्यू-टेनने ती भरून निघते आणि मग मूळ गोळ्या कमी करता येतात. त्यांनी ३०० मिलिग्रॅमची बाटलीसुद्धा आणून दिली आहे. आई म्हणते, देऊन तर बघू. डॉक्टरांकडे पाच मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळे विचारायचा संकोच वाटतो. चिठ्ठीचा फोटो जोडला आहे.
– एक बहीण, धनकवडी (नाव छापू नये)

उत्तर : आधी जे आज रात्रीच लागेल ते सांगते. ओलान्झापिनची गोळी आहे तशी चालू ठेवा. अर्धी करू नका, एक दिवसाआडही करू नका. बाटली देणाऱ्यांनी प्रेमापोटी दिली असेल, पण ‘मूळ गोळ्या कमी करता येतात’ या वाक्याला संशोधनात कुठेही आधार नाही. गोळी थांबल्यावर काय होतं हे मात्र चांगलं तपासलेलं आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. औषध चालू असलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्के लोकांचा आजार उलटला, औषधाच्या जागी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांचा. पाळत ठेवणारी ती माणसं तुमच्या भावाच्या आयुष्यात परत यायला नकोत.

आता क्यू-टेनकडे येऊ. त्यामागचा विचार फालतू नाही, म्हणून तो थोडा खुलासेवार सांगते.

हा पदार्थ आपल्या प्रत्येक पेशीत तयार होतो. १९५७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी तो गुरांच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियातून वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी मर्क कंपनीतल्या कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रासायनिक रचना उलगडली. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार होण्याची जागा. स्लॅब टाकताना घमेली जशी हातोहात वर जातात, तसे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात एका प्रथिनसंचाकडून दुसऱ्याकडे जातात. पहिल्या आणि दुसऱ्या संचाकडून घेऊन तिसऱ्याकडे पोचवणारा हात म्हणजे क्यू-टेन. तो नसेल तर काम तिथेच अडतं. पेशी अशी ऊर्जा कशी साठवते हे सांगणाऱ्या सिद्धान्ताबद्दल पीटर मिचेल यांना १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या मांडणीत या क्यूला महत्त्वाचं स्थान आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण घेतो त्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांच्या मेंदूचा आणि रक्ताचा अभ्यास करणाऱ्यांना मायटोकॉन्ड्रियाच्या कामात बिघाडाच्या, ऑक्सिडेशनमुळे होणाऱ्या हानीच्या खुणा पुन्हा पुन्हा आढळल्या आहेत. मायटोकॉन्ड्रियाच्या काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांची सुरुवातच कधीकधी भास आणि संशयाने होते. हॅलोपेरिडॉलसारखी भासांवरची काही जुनी औषधं प्रयोगशाळेत याच साखळीतल्या पहिल्या संचाचं काम दाबतात, असंही दिसलंय. हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं, तर ‘क्यू-टेन देऊन पाहावं का?’ असं कुणाही विचारी संशोधकाला वाटेल.

तसं देऊन पाहिलंही गेलं. आयर्लंडमधल्या संशोधकांनी स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जवळचा स्किझोअफेक्टिव्ह आजार असलेल्या ७२ जणांना घेतलं. नेहमीची औषधं चालू ठेवून काहींना रोज ३०० मिलिग्रॅम क्यू-टेन आणि बाकीच्यांना दिसायला तसंच, पण औषध नसलेलं काहीतरी सहा महिने दिलं. कुणाला काय मिळतंय हे नशिबावर सोडलेलं होतं. तुमच्या भावाला जो त्रास आहे नेमका तोच त्यांना मोजायचा होता, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग. आजाराची लक्षणं आणि एकूण प्रकृतीही त्यांनी पाहिली. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. क्यू-टेनचा यातल्या कशावरही परिणाम झाला नव्हता. तुमच्या हातातली बाटली ३०० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे मात्राही तीच.

७२ माणसं म्हणजे फार नव्हेत. एखादा बारीकसा फायदा इतक्या लोकांत निसटूही शकतो, आणि पुढे कुणी मोठी चाचणी केली तर मी ती उत्सुकतेने वाचेन. पण माझ्या मनात पार्किन्सनची हकीकत घट्ट बसली आहे. त्या आजारात मायटोकॉन्ड्रियाचा दोष याहून स्पष्ट दिसतो. २००२ साली ८० रुग्णांवरच्या लहान चाचणीत क्यू-टेनने आजाराची चाल मंदावल्यासारखी वाटली आणि जगभरातून केमिस्टकडे मागणी वाढली. त्यानंतर ६०० रुग्णांवर, रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम अशा भरपूर मात्रेत मोठी चाचणी झाली. काही उपयोग होत नाही हे दिसल्यावर ती मधेच थांबवावी लागली, २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात ६०९ जणांवर २४०० मिलिग्रॅम वापरून पाहिलं, तिथेही तेच, २०१७ मध्ये. लहान चाचणीतली आशा मोठ्या चाचणीत टिकली नाही. स्किझोफ्रेनियात तर लहान चाचणीतसुद्धा आशा दिसलेली नाही.

पेशीत कमी पडतं ते तोंडाने दिलं की भरून निघायला हवं, असं आपल्याला वाटतं. पण हा रेणू मोठा आणि तेलकट आहे. पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून थोडाच शोषला जातो. रक्तातली पातळी वाढते, पण तिथून मेंदूच्या पेशीत, तिथल्या मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यात किती पोचतं, हा खरा अडथळा आहे. व्हिडिओत ही पायरी गाळलेली असते.

आमच्या सदाशिव पेठेतल्या दुकानात अशा बाटल्या येतात. काउंटरवर कुणी मागितली की मी आधी ती उलटी करून दाखवते. तुम्हीही घरची बाटली उजेडात धरा. मागच्या लेबलवर, बहुधा सगळ्यात बारीक अक्षरात, इंग्रजीत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापलेलं असेल. आपल्याकडे आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर हे छापणं बंधनकारक आहे. ‘आजार बरा करण्यासाठी नाही’ असं उत्पादकच लिहून देतो, आणि व्हिडिओ करणारा ते वाचत नाही. आत मऊ कॅप्सूल असेल तर तिच्यातलं केशरी-तपकिरी तेल पाहून आईंना ते औषधासारखं वाटणं अगदी साहजिक आहे. आईंना रागावू नका. एवढी वर्षं मुलाला असं बसलेलं पाहणाऱ्या बाईला ‘देऊन तर बघू’ वाटणारच.

आता मला ज्यासाठी तुमचं पत्र पुढे घ्यावंसं वाटलं ते. तुम्ही जोडलेल्या चिठ्ठीत ओलान्झापिन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन (ही कोलेस्टेरॉलची ‘स्टॅटिन’ गोळी) यांच्या मधे एक ओळ आहे : ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम, सकाळी आणि दुपारी. ही गोळी स्किझोफ्रेनियाची नाही. भासांवरच्या औषधांनी हात थरथरणं, अंग ताठर होणं असा जो त्रास होतो, त्यावरची ती गोळी. रिस्पेरिडॉनच्या दिवसांत ती गरजेची होती हे तुमच्या पत्रावरून कळतंच. पण ओलान्झापिनवर असा त्रास बराच कमी असतो, आणि तरी ती ओळ चार वर्षं चिठ्ठीवर उतरत आलेली दिसते.

ही गोळी मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवते, आणि लक्षात ठेवायला लागतं ते हेच रसायन. तोंड कोरडं पडणं, पोट साफ न होणं, जवळचं अंधुक दिसणं आणि विसरभोळेपणा हे तिचे ओळखीचे परिणाम आहेत. गरज नसताना सरसकट ती देत राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न तज्ज्ञांनी १९९० मध्येच एकमताने लिहून ठेवलंय. चार ओळींनंतर पेपर बाजूला ठेवणाऱ्या माणसाला एकदा साधं विचारा : अक्षरं धूसर होतात का, की अक्षरं दिसतात पण अर्थ राहत नाही? या उत्तराचा डॉक्टरांना फार उपयोग होईल.

मी केमिस्ट आहे, तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही. ही गोळी त्याला आजही लागत असेल, तसं डॉक्टरांना दिसत असेल. म्हणून ती तुमच्या मनाने बंद करू नका. अचानक सोडली तर मळमळ, अस्वस्थपणा होतो, ताठरपणा उफाळतो. ती कमी करायचीच झाली तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील. पण प्रश्न विचारायलाच हवा. घरात नवी बाटली येते आणि चिठ्ठीवरची जुनी ओळ कुणी वाचत नाही, हे मी काउंटरवर वर्षानुवर्षं बघते आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पाच मिनिटंच मिळतात ना? मग बोलण्यात ती घालवू नका. अर्ध्या कागदावर लिहून न्या आणि बसताक्षणी पुढे ठेवा. थरथर चार वर्षांत दिसलेली नाही (खरंच नसेल तर), ट्रायहेक्सिफेनिडिल अजून लागेल का? हे बसून राहणं आजाराचं आहे, औषधाच्या गुंगीचं आहे की नैराश्य आहे? बी-१२, थायरॉइड आणि साखर शेवटची कधी तपासली? तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ चा प्रश्न ठळक लिहा, आपल्याकडे त्याची कमतरता घरोघरी सापडते आणि तीही लक्ष व स्मरण बिघडवते. सगळ्यात खाली लिहा : ‘घरी क्यू-टेनची बाटली आली आहे, अजून दिलेली नाही.’ चार दिवस दिली असेल तर तसं लिहा. घाबरण्यासारखं काही नाही, पोट बिघडणं किंवा झोप कमी होणं याहून मोठा त्रास सहसा होत नाही. पण डॉक्टरांपासून लपवू नका.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल व्हिडिओतला दुसरा मुद्दा असेल, ‘स्टॅटिनने क्यू-टेन घटतं’. हे खरं आहे. शरीर कोलेस्टेरॉल आणि क्यू-टेन एकाच वाटेने बनवतं, आणि स्टॅटिन ती वाट सुरुवातीलाच अरुंद करतं, त्यामुळे रक्तातली पातळी उतरते. पण म्हणून स्टॅटिन थांबवणं महागात पडेल. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा लवकर जातात, आणि त्याचं एक मोठं कारण हृदयविकार आहे. ती गोळी त्याच्या हृदयासाठी आहे.

बाटलीऐवजी काय, असं आई विचारतील. बुद्धीच्या कामासाठी ज्याचा पुरावा मला खरोखर आश्वासक वाटतो, ते आहे दम लागेल असा व्यायाम. २०१७ मध्ये १० चाचण्यांमधल्या ३८५ रुग्णांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात अशा व्यायामाने एकूण बौद्धिक कामात सुधारणा दिसली. धनकवडीहून तळजाई जवळ आहे. त्याला ‘फिरून ये’ म्हणू नका, तो जाणार नाही. तुम्ही बरोबर निघा, सुरुवातीला नुसतं पायथ्यापर्यंत. वाढलेल्या वजनालाही ते हवंच आहे.

आणि तुम्ही दोघी फार एकट्याने हे ओढताय असं पत्रावरून वाटलं. धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती १९९७ मध्ये उभी केली. रुग्णांच्या घरच्यांचे स्वमदत गट हे तिथलं जुनं काम. आईंना एकदा घेऊन जा. तिथे त्यांना दुसरी आई भेटेल, हे माझ्या उत्तरापेक्षा जास्त कामाचं आहे. रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

प्रश्न : माझ्या पत्नीला बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) आहे, त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. नैराश्याच्या काळात क्यू-टेनचा फायदा होतो असं वाचलं. खरं आहे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुम्ही वाचलंत ते हवेतलं नाही. इराणमध्ये बायपोलरच्या नैराश्यातल्या सुमारे ७० जणांवर अशी चाचणी झाली, तिचा अहवाल २०१८ चा आहे. नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज २०० मिलिग्रॅम क्यू-टेन आठ आठवडे दिलं. ते घेणाऱ्यांचं नैराश्य, न घेणाऱ्यांच्या तुलनेत जास्त उतरलं. अमेरिकेत उतारवयातल्या रुग्णांवरही एक छोटा अभ्यास झाला होता, त्यातही सुधारणा दिसली, पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता.

म्हणजे वरच्या ताईंना दिलेलं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं देता येणार नाही. इथे दार उघडं आहे, पण थोडंसंच. आठ आठवडे हा बायपोलरच्या मानाने लहान काळ आहे. तुमच्या पत्नीचे डॉक्टर ‘जोडीला देऊन पाहू’ म्हणाले तर मी विरोध करणार नाही. किती आठवड्यांनी थांबून हिशेब करायचा हे मात्र आधीच ठरवून घ्या, नाहीतर अशा बाटल्या वर्षानुवर्षं येत राहतात. आणि घ्यायचं की नाही हे तुमच्याइतकंच, किंबहुना जास्त, पत्नीने ठरवायचं आहे. पत्र तुम्ही लिहिलंत, पुढचा प्रश्न डॉक्टरांना त्यांना विचारू द्या.

लिथियमचं नाव आलंच आहे तर क्यू-टेनपेक्षा महत्त्वाचं सांगते. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नका. त्या गोळ्यांनी लिथियम शरीरात साचतं आणि विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं, तरी तेच. हात जोरात थरथरायला लागले, बोलणं जड झालं, चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि ‘लिथियमची पातळी तपासा’ असं आपणहून सांगा.

प्रश्न : गोळी नको, पण जेवणातून क्यू-टेन मिळवायचं तर काय खावं? सासऱ्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्यांना चालेल ना?
– एक गृहिणी, नारायण पेठ

उत्तर : मांस, मासे आणि प्राण्यांचे अवयव यांत ते सगळ्यात जास्त. शाकाहारात शेंगदाणे, तीळ, सोयाबीनचं तेल, थोडं पालकात. रोजच्या जेवणातून साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम मिळतं, बाकीचं शरीर स्वतः बनवतं. शंभर-दोनशे मिलिग्रॅम जेवणातून होणार नाही, आणि निरोगी माणसाला त्याची गरजही नाही. दाण्याचं कूट, तिळाची चटणी चवीसाठी खुशाल खा.

सासऱ्यांना जेवणातल्या एवढ्याशाने काही होणार नाही, पण कॅप्सूल विचारल्याशिवाय देऊ नका. क्यू-टेनची रचना व्हिटॅमिन के सारखी आहे आणि वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या काही लोकांत त्याने औषधाचा असर कमी झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांची गोळी वॉरफॅरिन किंवा असिट्रोम असेल आणि कुणी कॅप्सूल आधीच सुरू केली असेल, तर या आठवड्यातच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) करून घ्या आणि रिपोर्टसह बाटलीही डॉक्टरांना दाखवा.